आग्रा रोड म्हणजे नुस्ता बाजार नाही

धुळ्याच्या आग्रा रोडवरचा लेख आवडला, पण त्यात कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज साहेबाचं नाव हवं होतं. १८१९ ला त्याने धुळं खानदेशचं मुख्य ठाणं केलं तेव्हा गावात जेमतेम ४०१ घरं अन अडीच हजार माणसं, मग व्यापाऱ्यांना वसायला बोलावलं, त्यांना फुकट जागा अन घरासाठी उचल दिली, त्यातून नदीच्या दक्षिणेला नवी पेठ अन या सरळ गल्ल्या उभ्या राहिल्या. आज याच रोडवर पाचकंदील भागात गाड्यांच्या गर्दीत मान वर करून जुनी लाकडी माडी कोण बघतं? मी बघतो, दर वेळी एखादी कमी झालेली असते, जीव तुटतो. अन लेखातून धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ कसं सुटलं? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांचे कागद तिथेच जपलेत. पोरांना एकदा तरी दाखवून आणा.