14,000 किलोमीटरवरचं फदफदं

अळूच्या फदफद्याशी माझं वैर पंगतीच्या काळापासूनचं. वाढप्याने पळीभर ओतलं की ते पानावरून जिलबीच्या दिशेने निघायचं आणि मी मसालेभाताचा बांध घालून बसायचो. त्यामुळे भाच्याकडे त्रिनिदादला जायचं ठरलं तेव्हा मी मनातून खूश होतो. मुंबईपासून सुमारे 14,000 किलोमीटर. एवढ्या लांब काही अळू येणार नाही.

भाचा पॉइंट लिसासला गॅसच्या प्रकल्पात आहे. रविवारी तो आम्हाला पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका जुन्या हॉटेलात घेऊन गेला. शंभरी उलटलेलं लाकडी घर, छपराच्या कडेला नक्षीची लाकडी झालर, आणि डोक्यावर पंखा, जो आपणहून फिरत होता की वाऱ्याने, ते कळत नव्हतं. इथलं अस्सल जेवायचं, आपल्यासारखं काहीही नको, ही माझी अट.

वाढायला साठीच्या घरातल्या एक भक्कम बाई होत्या. "काय देऊ, डार्लिंग?" त्यांनी मला विचारलं. हिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

यादीत 'कॅललू' दिसलं. नाव भलतंच परदेशी, म्हणून तेच मागवलं. भाचा उगाच हसला.

"जस्ट नाऊ आणते," म्हणून बाई गेल्या त्या गेल्याच.

"मामा, इथलं 'जस्ट नाऊ' म्हणजे आपलं 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो'," भाच्याने खुलासा केला. पाऊण तास झाला होता.

आधी लालभडक सरबत आलं. "अगं बाई, अंबाडीची बोंडं!" ही म्हणाली. मग पेलाव. साखर करपवून त्यात परतलेली कोंबडी आणि भात. "ह्यात तुरीचे दाणे आहेत!" मी गप्प. मग माझा वाडगा आला. हिरवा, दाट, लिबलिबीत. हिने चमचाभर चाखला आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या आवाजात म्हणाली, "अळू आहे."

अळूच होतं. भेंडी आणि नारळाचं दूध घालून घोटलेलं, शेताच्या बांधावरच्या चिखलातून निघावी तशी मधूनच खेकड्याची नांगी वर आलेली. आपल्याच लोकांनी इथे आणलं असणार, असं हिने बाईंना इंग्रजीत ऐकवलंसुद्धा. हिचंही अगदीच चूक नव्हतं. 1845 पासून भारतातले मजूर जहाजांनी इथे आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले, आणि यादीत अजून चना, आलू, बैगन याच नावांनी नांदतायत. पण बाईंनी कमरेवर हात ठेवले. "रोटी तुमची, डार्लिंग. कॅललू आमच्या आफ्रिकन आज्यांचं." हीसुद्धा आता डार्लिंग झाल्याने वाद तिथेच मिटला.

वाडग्यात एक बुटकी, गोंडस, पिवळी ढोबळी मिरची तरंगत होती. निदान ही तरी खावी म्हणून मी ती चमच्याने दाबली. भाचा "मामा!" म्हणून ओरडेपर्यंत उशीर झाला होता. ती स्कॉच बॉनेट. नुसत्या वासासाठी अख्खी सोडायची, फुटू द्यायची नाही आणि वाढण्याआधी काढायची. त्या दिवशी काढायची राहिली होती.

पुढचं नीट आठवत नाही. कानांतून काहीतरी बाहेर गेलं. सकाळीच भाच्याने क्वीन्स पार्क ओव्हल दाखवलं होतं. 1971 साली तिथे दाढ ठणकत असताना गावसकरांनी एकाच कसोटीत 124 आणि 220 काढल्या. त्याच गावात आपण एका वाडग्यापुढे नांगी टाकायची? मी चमचा उचलला. तिसऱ्या चमच्याला बाद झालो. वाडगा हिने संपवला, तिखटासकट, आणि वर बाईंना कृती विचारली.

बाईंनी आतून कॅललू घोटायची लाकडी काठी आणून दाखवली. खाली फांद्यांचे पाच-सहा फाटे, चाकाच्या आऱ्यांसारखे. ही चक्क रवी होती. आमच्या घरी दोन रव्या आहेत. तरीही दुसऱ्या दिवशी बाजारातून तिसरी आली आणि हिच्या बॅगेत मावेना म्हणून माझ्या बॅगेत आली.

विमानतळावर तपासणीला त्यांनी नेमकं मलाच बाजूला घेतलं. अधिकाऱ्याने रवी वर काढली, उजेडात फिरवली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"वा! म्हणजे आता घरी दर रविवारी कॅललू!"

मागून ही म्हणाली, "हो ना!"