तीसच्या पाटीला घाबरू नका

रस्त्यावर ‘वेगमर्यादा ३०’ची पाटी लागली म्हणून लगेच हातपाय गाळू नका. इंदूरात पाटी फार दिवस दिसत नाही. कुण्या भियाचा, म्हणजे गल्लीतल्या पुढाऱ्याचा, वाढदिवस आला की त्याचा हात जोडलेला फ्लेक्स तिच्यावर चढतो, आणि वाढदिवस बारमाही असतात.

तोवर रामबागेतल्या आमच्या रिटायर्ड इंजिनिअर काकांना मात्र टाळा. ते पोह्यांच्या कागदावरच गणित मांडतात. ५०च्या वेगात गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. पोर आडवं आलंय हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंद जातोच. तीसवाला तेवढ्यात आठ मीटर जातो आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबतो. म्हणजे तो जिथं उभा राहून पोराच्या बापाच्या नावानं ओरडत असतो, तिथं पन्नासवाल्याचा पाय नुकता ब्रेकला लागतोय! पुढं काका ‘धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो’कडे वळले, की जिलबी मागवा.

आपलं गणित सोपं आहे. चार किलोमीटरला ५०नं पाच मिनिटं, ३०नं आठ. वाचलेली तीन मिनिटं पलासियाच्या लाल सिग्नलवर, एक पाय जमिनीवर टेकून, मागच्याचा हॉर्न ऐकण्यात सत्कारणी लावता येतात.

कुणी फिनलंडच्या हेलसिंकीचं नाव काढेल. तिथं निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३०ची मर्यादा आहे आणि जुलै २०२५ला संपलेल्या वर्षभरात शहरात एकही माणूस रस्ता अपघातात गेला नाही. सांगा, तिथं सकाळी पोहे मिळत नाहीत, त्यांना घाई कसली!

पण त्यांनी नुसत्या पाट्या नाही लावल्या. रस्ते अरुंद केले, कॅमेरे बसवले. ही गोष्ट कुणाजवळ बोलू नका. आपला रस्ता धावपट्टीसारखा रुंद नि सरळ राहिला, तर पाटीवर काहीही लिहा, पाय आपोआप खाली दाबला जातो. म्हणून मागणी करायची ती फक्त पाटीची. फोटो निघतो, पार्षदही खूश.

आपल्या घरासमोरची गोष्ट वेगळी. तिथं लोक काय बेफाम चालवतात हो! तिथं स्पीडब्रेकर मागा, चांगला उंच. फक्त बांधणाऱ्याला चहा पाजून कडेला आपली स्कूटर निघेल एवढी फट ठेवायला सांगा.