मनगटापासून जमिनीपर्यंत

माझी उंची चार फूट अकरा इंच. पाच फूट सांगितली तर कोणी टेप घेऊन येणार नाही, पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला लांबीचं मापन शिकवते, त्यामुळे एका इंचाचंही खोटं तोंडातून निघत नाही. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर मी बावीस वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. एसटीत वरचा दांडा माझ्या नशिबी नाही, मी शेजारणीचा दंड धरते.

अशा बाईच्या वाट्याला गोल्फ यायचं काही कारण नव्हतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तर नाहीच नाही. ते आलं टोकियो ऑलिम्पिकच्या वाटेने. ऑगस्ट 2021 मधल्या त्या सकाळी आपल्या अदिती अशोकचं गोल्फमधलं ब्राँझ एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. तोवर आमच्या घरात कोणाला या खेळाचा गंध नव्हता. काठीने मारत चेंडू जमिनीतल्या भोकात घालायचा आणि फटके जितके कमी तितका खेळाडू पुढे, हे ह्यांनी सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "ज्याले कमी मार्क तो पुढं? मंग आपला नातू तं पयलाच येते."

पण पोरगी बंगळूरला नोकरीला, तिने ते मनावर घेतलं. शिकली. आणि संक्रांतीला घरी आली ती एक लांबलचक पिशवी खांद्याला लावून. ऑफिसातल्या कोण्या साहेबाचा जुना संच, सात काठ्या. पिशवीत चौदापर्यंत चालतात म्हणे, म्हणजे हा अर्धाच संसार. "आई, तुझे गुडघे धरलेत. यानिमित्ताने चालणं होईल." आमच्या गावात चालण्यासाठी निमित्त लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिने सात नंबरची काठी माझ्या हातात दिली. तिला आयर्न म्हणतात. पुरुषांची ती सदतीस इंचांच्या आसपास असते. मी अंगणात पाय फाकवून उभी राहिले, तर काठीचं वरचं टोक थेट माझ्या पोटात, निऱ्या खोचल्या होत्या तिथेच. मागे सरकले, तर चेंडू माझ्यापासून इतका लांब राहिला की त्याला पत्र पाठवावं. हात वर उचलून धरले तेव्हा कुठे पोट सुटलं, पण मग काठीच्या पात्याचं पुढचं नाक जमिनीवरून वर उठलं. पोरगी म्हणाली, "असं नाक वर राहिलं की चेंडू डावीकडे जातो." ती हे म्हणत होती तोवर मी मारलाही होता. डावीकडे शेजारच्या वहिनींची बाज होती आणि बाजेवर मुंगवड्या वाळत होत्या. चेंडू बरोबर मधोमध बसला. वहिनींनी तो उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे कायचं बी व?"

वड्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी त्या रोज बघायला येऊ लागल्या. ते जास्त महाग पडलं.

दांडा लांब पडतो म्हटल्यावर मी आधी सुतारदादांकडे गेले. गावातला प्रत्येक दांडा त्यांच्या हातून जातो, कुऱ्हाडीचा, फावड्याचा, कुदळीचा. त्यांनी काठी उलटीसुलटी पाहिली, पात्यावर टिचकी मारली आणि एकच विचारलं, "वापरन कोन? मानूस का बाई?"

"बाई."

"मंग येवढा लांब कायले? बायाईच्या खुरप्याले मूठभर दांडा पुरते."

यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे डवऱ्यामागे माणसं उभ्याने चालतात आणि निंदायला बाया बसतात. वेचणी, सोंगणी, सगळं कमरेतून वाकून. बाईच्या मापाचा उभा दांडा त्यांच्याकडे आजवर कोणी मागितलाच नव्हता. वाकायला लावणारा दांडा मलाही ओळखीचा होता, पोटात घुसणारा पहिल्यांदाच भेटला.

बंगळूरला परत गेलेल्या पोरीने फोनवर खरी रीत सांगितली. बायकांची काठी साधारण इंचभर आखूड येते, दांडा हलका आणि लवचिक, मूठ बारीक. पण नुसत्या उंचीवर जायचं नाही. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. उंच बाईचे हात लांब असले तर तिचं मनगट खाली येतं, बुटक्या बाईचे हात आखूड असले तर वर राहतं. माझ्याकडे बूट नव्हते. शाळेच्या खेळाच्या तासाचे पांढरे कॅनव्हासचे होते, ते घातले. नऊवारी नसली तरी साडीखाली ते बूट म्हणजे दिंडीला निघाल्यासारखं दिसत होतं.

ह्यांनी शिलाईच्या डब्यातला टेप काढला. मी ताठ उभी राहिले, हे उकिडवे बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत हे माझ्या पायाशी बसलेले गावाने पहिल्यांदा पाहिले, कारण दारात वहिनी होत्याच. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या.

"काठीसाठी मोजून रायला का रे इले? आतापासूनच?"

आम्हाला काही कळेना. मग उलगडा झाला. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना चालायची काठी दिली, तेव्हा अगदी असंच मोजलं होतं. पायात चप्पल, हात सैल, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत. म्हणजे आमच्या घरात या विषयातलं जाणकार माणूस आधीपासून होतं, आम्हीच बंगळूरला विचारत होतो.

माप आलं साडेएकतीस इंच. फोनवर पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तू कधी वाढलीस?" चौकशीअंती कळलं की टेपचे पहिले दोन इंच गायब आहेत, उंदराने खाल्ले की मुलांनी कापले देव जाणे. टेप दोनच्या खुणेपासूनच सुरू होतो. मापनाची बाई मी, आणि माझ्याच डब्यात हा टेप. शाळेची फूटपट्टी लावून पुन्हा मोजलं. साडेएकोणतीस.

"म्हणजे उंचीच्या मानाने तुझे हात आखूड आहेत," पोरीने निदान केलं.

स्पीकर चालू होता. सासूबाईंनी लगेच कान टवकारले. "आखूडच हाय. लगन होऊन आली तवापासून पायतो मी."

वहिनी पाच फूट चार इंच, पण हात असे की उभ्याने पायली उचलतील. त्यांनाही मोह झाला. त्यांचं आलं तीस. आमच्या उंचीत पाच इंचांचा फरक, आणि मनगटापाशी आल्यावर उरला अर्धा. वहिनींचा चेहराच पडला. उंची हीच त्यांची इस्टेट होती.

पोरगी म्हणाली, बायकांचा तयार संच घेऊ, माझ्यासाठी अर्धा इंच कमी करून, सात नंबरची साडेपस्तीस. "ड्रायव्हर साडेत्रेचाळीस इंचांचा येईल." गोल्फमध्ये ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याची काठी, आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे ट्रॅक्टरवरचा. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चर्चा होती की मॅडमच्या पोरीनं साडेतीन फुटी ड्रायव्हर पसंत केला, नोकरी चांगली असेल म्हणा.

हे सगळं ऐकून ह्यांच्यातला काटकसरी माणूस जागा झाला. घरात काठी असताना नवीन कशाला? पोरीने बजावलं होतं की कापलेला दांडा आणखी ताठ होतो आणि डोकं हलकं वाटायला लागतं. तरी हे बाजाराच्या दिवशी काठी घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेले. खिशात टेप होता. तोच. छत्तीसच्या आकड्यावर खूण केली, ग्राइंडर फिरला, मूठ पंक्चरच्या सोल्युशनने परत चिकटवली. काठी घरी आली ती चौतीस इंचांची.

मी ती हातात घेतली आणि आपोआप निंदायला बसल्यासारखी वाकले.

ती काठी सासूबाईंनी ठेवून घेतली. उलटी धरतात, पातं वर. पात्याच्या बगलेत तळवा छान बसतो म्हणतात. डॉक्टरांनी दिलेली कोपऱ्यात पडली आहे.

एप्रिलमध्ये नवा संच आला. पऱ्हाटी उपटलेलं रान मोकळं होतं, तिथे गेलो. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच काही कुठे टोचलं नाही. पोट सुटलेलं, पाठ बेताची झुकलेली, पात्याचा तळ जमिनीला सपाट टेकलेला. दोन फटके मातीत गेले. तिसरा लागला. सरळ, चाळीसेक पावलं, आणि चेंडू दिसेनासा झाला.

गोल्फचं भोक 108 मिलिमीटरचं असतं आणि चेंडू बेचाळीसच्या वर थोडा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्या हे माप बघून पडत नाहीत. वहिनी भेगेवर ओणव्या झाल्या. "हाय व, खाली दिसून रायला." मी सात नंबरची आत घातली, चेंडू आणखी खाली गेला. ड्रायव्हरचं डोकं भेगेत मावेना. नियमाप्रमाणे भोकाजवळ चेंडू ढकलायची काठी सोडली तर कोणतीच अठ्ठेचाळीस इंचांपेक्षा लांब चालत नाही, आणि चेंडू तेवढ्यात भागणारा नव्हता. शेवटी हे गोठ्यातून तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकाला आरी लावलेली काठी घेऊन आले, चांगली सहा फुटी, आणि पालथे पडून आरीने टोचत बसले.

बांधावर सासूबाई चौतीस इंचांवर टेकून उभ्या होत्या.

"सारं मोजूनच आनलं होतं ना व?"