"बसेल साहेब, फियाटचंच आहे"

प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे लोक ज्या जुन्या मोटारीला नुसते फियाट म्हणतात तिचा, एखादा भाग मागावा आणि दुकानदाराने मान वर न करता "बसेल साहेब, फियाटचंच आहे" म्हणून तो काउंटरवर आपटावा, याचा मला आता मनस्वी संताप येतो. फियाटचे म्हणजे नेमके कशाचे? १९६४ मध्ये आलेल्या डिलाइटचे, सत्तरच्या दशकात पद्मिनी नाव घेतलेल्या गाडीचे, की शेवटच्या काळातल्या फ्लोअर गिअरवाल्या (गिअर स्टिअरिंगवर नव्हे, खाली जमिनीवर असलेल्या) मॉडेलचे? एवढे साधे विचारले तरी "तुम्ही फारच चौकशा करता" हे वर ऐकून घ्यावे लागते.

पुढच्या दारातल्या तिकोनी काचेभोवतीचे रबर, म्हणजे बीडिंग, घ्या. बाजारातले डुप्लिकेट बीडिंग कोपऱ्यात वळतच नाही; ठोकून बसवले, तर पहिल्या उन्हाळ्यात आखडते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी दाराच्या आत उतरून खालची कड गंजवते, म्हणजे दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात डेंटर आणि पेंटर यांची मजुरी पुन्हा आपल्याच बोडक्यावर. क्रोमच्या हँडलची कथाही तीच. दुकानात आरशासारखे चमकते, आणि एका पावसाळ्यात त्यावर फोड येतात.

चीड येते ती याची, की अस्सल माल या मुंबईतच होता. कुर्ल्यात या गाड्या बनल्या, हजारोंच्या संख्येने टॅक्सी म्हणून धावल्या आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत रस्त्यावरून गेल्या. त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या धड काचा, स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे आणि दारांच्या बिजागऱ्या सोडवून ठेवण्याची तसदी न घेता सगळे किलोच्या भावाने भंगारात घातले गेले. जे थोडे वाचले, ते आता "रेअर पीस" म्हणून असे विकले जाते, की जणू गाडी महाराजांच्या पागेतून आली आहे. (पद्मिनी ही मध्यमवर्गाची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी होती, एवढे तरी भान ठेवा.)

ऑनलाइन विक्रेते तर त्याहून निर्ढावलेले. फोटो जुन्या, वापरलेल्या पण अस्सल भागाचा, आणि खोक्यातून निघतो भलत्याच गाडीचा भाग. परत घ्या म्हटले, तर "तुमच्या मेकॅनिकला बसवता येत नाही" हे उत्तर तयार. भाग कोणत्या मॉडेलचा आहे ते लिहा, मापे द्या, आणि बसला नाही तर निमूटपणे परत घ्या. हे जमत नसेल, तर निदान बिलावर "ओरिजिनल" लिहिण्याचा निर्लज्जपणा तरी करू नका.