‘सोयीचं प्रेम’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली, तरी राग उतरेना म्हणून लिहायला बसले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी दादांचं म्हणणं थोडक्यात सांगते: जखमी पक्षी सांभाळणारे आम्ही, बर्ड फ्लूची बातमी आली की नवीन पक्षी घेणं बंद करतो, आतल्या एखाद्याला इंजेक्शन देऊन मारतो, एरवी मात्र फोटो टाकतो, तर हे ‘सोयीचं प्रेम’ आहे. शिवाय घारीच्या फोटोत ग्लोव्हज का नाहीत, आजारी पक्षी वेगळे ठेवायच्या खोलीसाठी मदत गोळा केली ती खोली कुठाय, आणि फोन का उचलत नाही.

जे बरोबर ते बरोबर. घारीच्या त्या फोटोत माझ्या हातात ग्लोव्हज नाहीत, चूक माझीच, फोटो काढून टाकलाय.

पण सोयीचं? कुणाच्या सोयीचं वो? हा शब्द टाईप करताना तुम्हाला एकदासुद्धा थांबावंसं वाटलं नाही?

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा तासगावकडं माझ्या भावाची पोल्ट्री होती. कुठं नवापूर, कुठं तासगाव, पण त्याच्या निरोगी कोंबड्या कुणी फुकटसुद्धा नेईना. भाऊ रात्री शेडच्या दारात नुसता बसून असायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. ते बघितलेली बाई साथीकडं सोय म्हणून बघेल का? २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात होतं, तेव्हा मी माळ्यावर दोन घुबडं आणि एक पाणकावळा घेऊन बसले होते, खाली माझी भांडी तरंगत होती. तेव्हा तुम्ही कुठं होता हे मी विचारत नाही, पण विचारू शकते.

आता दार बंद करण्याचं. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडायला लागले आणि तो बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात कळलं की नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या ह्याच रोगानं गेले, तेही रेस्क्यू सेंटरमध्ये, म्हणजे जीव वाचावा म्हणून जिथं ठेवलेले तिथंच. ती बातमी वाचली त्या दिवसापासून मी घारींना कोंबडीचं मांस बंद केलं, मटणाचे तुकडे सुरू केले, खर्च दुप्पट झाला. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळं मांज्यानं पंख कापलेले अकरा पक्षी आत, आणि अशात एक पोरगा केळ्याच्या खोक्यात कावळा घेऊन आला.

त्या कावळ्याची मान उलटी वळून पाठीला टेकलेली. उभा राहायला बघायचा आणि गोल फिरून पडायचा, चोचीतनं चिकट लाळ. ही मानमोडी, म्हणजे पक्ष्यांचा राणीखेत रोग, असू शकते, विषबाधा असू शकते, नाहीतर बर्ड फ्लू, आणि नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, लॅबमध्येच कळतं, लॅब भोपाळला. तोपर्यंत त्याची लाळ न् विष्ठा माझ्या चपलेवर, चिमट्यावर, पाण्याच्या वाटीवर, आणि तीच चप्पल पुढच्या पिंजऱ्याशी. दाराशी हायपोच्या, म्हणजे जंतुनाशकाच्या, पाण्याचा ट्रे ठेवला म्हणजे झालं असं नसतं. मी त्या पोराला फाटकाबाहेरच थांबवलं, हात साबणानं धुवायला लावले, पशुसंवर्धनच्या डॉक्टरांना फोन केला. पोरगं रडत होतं. मीपण आत जाऊन रडले, पण कावळा आत घेतला नाही आणि उद्या आला तरी घेणार नाही.

इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा असतो, माझा नाही, आणि त्या वेळी पक्ष्याला टॉवेलमध्ये धरून मीच उभी असते, ह्यापेक्षा जास्त मी त्यावर बोलणार नाही.

खोलीचं म्हणाल तर काम चालू आहे, हिशोब ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवू. फोन दोन हात कामात असताना उचलता येत नाही.

आणि दादा, तुमच्या गल्लीत एकाच वेळी दोन-चार कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका, कुत्र्या-मांजराला जवळ जाऊ देऊ नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मला फोन नंतर केला तरी चालेल.