सरासरी काढून रांग नाहीशी होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि थेट मुद्द्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गर्दीच्या नेटवर्कवर एनटीपी (कॉम्प्युटरचं घड्याळ सर्व्हरला वेळ विचारून जुळवणारा प्रोटोकॉल) घड्याळ कसं जुळवतं त्याबद्दल मी लिहिलं होतं की, शेवटच्या आठ नमुन्यांपैकी (एक नमुना म्हणजे सर्व्हरला एकदा विचारणं आणि त्याचं उत्तर) ज्याला जाऊन यायला सगळ्यांत कमी वेळ लागला त्यावर विश्वास ठेवावा, बाकीचे सोडावेत. तुमचं म्हणणं असं की हे अवैज्ञानिक आहे. चार सर्व्हरना दर १६ सेकंदांनी विचारा, शंभर नमुन्यांची सरासरी घ्या, चुका आपोआप कटतील. आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्विचवर एनटीपीच्या पॅकेटना प्राधान्य द्या.

सरासरीने चुका कधी कटतात? त्या दोन्ही बाजूंना सारख्या होत असतील तर. पॅकेटला नेटवर्कवरच्या रांगेत लागणारा वेळ तसा नसतो. घाटात अडकलेली एसटी तासभर उशिरा येते, पण घाट मोकळा मिळाला म्हणून तासभर लवकर कधी येत नाही. पॅकेटचंही तसंच. रिकाम्या वाटेला लागणारा वेळ हा तळ. त्याच्या खाली कोणी जात नाही, वर मात्र कितीही.

आकड्यांत बघू. समजा दोन्ही घड्याळं तंतोतंत जुळलेली आहेत आणि रिकाम्या वाटेवर जायला १० मिलिसेकंद, यायला १० लागतात. रात्रीचा बॅकअप सुरू झाला, अपलोडची रांग फुगली आणि जाणारं पॅकेट त्यात ८० मिलिसेकंद अडकलं. ते ० ला निघालं, सर्व्हरला ९० ला मिळालं, उत्तर ९१ ला सुटलं, १०१ ला परत आलं. एनटीपीचं सूत्र जातानाचा फरक ९० आणि येतानाचा उणे १० यांची बेरीज करून निम्मी करतं. उत्तर ४०. म्हणजे अचूक चालणाऱ्या घड्याळाला सांगितलं जातं की तू ४० मिलिसेकंद मागे आहेस. असे शंभर नमुने घेतले आणि रांग सरासरी ६० मिलिसेकंदांची असली, तर सरासरी ३० वर जाऊन बसेल. नमुने वाढवाल तसा तो ३० आणखी ठाम दिसेल, आणि धोका नेमका इथेच आहे.

पण त्याच नमुन्यात स्वतःविरुद्धचा पुरावाही असतो. जाऊन यायला लागलेले १०० मिलिसेकंद आपल्याला दिसतात. जास्तीत जास्त चूक त्याच्या निम्मी, म्हणजे ५०. ऑफसेट (दोन घड्याळांतला फरक) ४०, अधिक-उणे ५०. खरं उत्तर शून्य त्यात बसतं. २० मिलिसेकंदांत परतलेल्या नमुन्याची मर्यादा फक्त १०. एनटीपीचे जनक डेव्हिड मिल्स यांनी ऑफसेट आणि विलंब (जाऊन यायला लागलेला वेळ) यांचा आलेख मांडला तेव्हा ठिपक्यांची पाचर दिसली: टोक कमी विलंबाकडे, खऱ्या ऑफसेटवर, विलंब वाढेल तशी पाचर फाकत जाते. टोकाजवळचा नमुना निवडणं हे मला तरी पुरेपूर वैज्ञानिक वाटतं.

चार सर्व्हरचं म्हणाल, तर चौघांकडे जाणारी वाट तुमच्या त्याच अपलोड लाइनमधून जाते. चौघं मिळून एकाच दिशेला चुकतील आणि बहुमत चुकीच्या बाजूने पडेल. एखादा सर्व्हर खोटी वेळ देत असेल तर तो पकडायला चार सर्व्हर उपयोगी पडतात, पण रांगेवर तो उपाय नाही.

१६ सेकंदांचा हट्ट तर उलट नडतो. आठ नमुने सुमारे दोन मिनिटांत भरतात. बॅकअप तासभर चालला तर आठही नमुने गर्दीतलेच, निवडायला चांगला एकही उरत नाही. १०२४ सेकंदांच्या अंतराने तेच आठ नमुने सुमारे दोन तास व्यापतात. क्वार्ट्झचं स्फटिक मुळात दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज चुकतं हे खरं, पण ती चूक बरीचशी स्थिर असते आणि एनटीपीचा प्रोग्राम किंवा क्रॉनी (तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम) ती शिकून घेतात. शिकल्यावर दशलक्षात ०.१ भाग एवढी चूक उरली, तर गर्दीच्या पूर्ण तासात कोणालाही न विचारता घड्याळ ०.३६ मिलिसेकंद सरकेल. समोर ४० मिलिसेकंदांनी चुकलेला नमुना आहे. अशा तासाला गप्प बसणारं घड्याळच जास्त बरोबर असतं. मात्र सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तर हा हिशोब बदलतो, कारण स्फटिक तापमानाला हलतं.

प्राधान्याचा मुद्दा मिलिसेकंदांपुरता रास्त आहे. मायक्रोसेकंद हवे असतील तर नाही. तारेवर आधीच निघालेली दुसऱ्या कोणाची १५१८ बाइट्सची फ्रेम (तारेवरून जाणारा डेटाचा गठ्ठा) १ गिगाबिटच्या लिंकवर संपायला सुमारे १२ मायक्रोसेकंद घेते, आणि तुमच्या पॅकेटला तेवढं थांबावंच लागतं. म्हणूनच पीटीपीत (एनटीपीपेक्षा जास्त अचूक वेळेसाठीचा प्रोटोकॉल) ट्रान्सपरंट क्लॉक असलेला स्विच पॅकेट आपल्याकडे किती वेळ थांबलं ते मोजून त्याच पॅकेटमध्ये लिहितो. वाटेतला एकजरी स्विच ते करत नसेल, तर त्याच्या रांगेची बेरीज पुन्हा आपल्या माथी.

तुमच्या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गर्दीतले नमुने वगळल्यावर जे उरतात त्यांत एकाच नमुन्यावर विसंबण्यापेक्षा सगळ्यांतून रेषा बसवणं चांगलं. क्रॉनी तेच करते, कमी विलंबाच्या नमुन्यांना जास्त वजन देऊन. आणि वाट कायमचीच असमान असेल, जाताना लांबची फायबर आणि येताना जवळची, तर माझा लाडका कमी विलंबाचा नमुनाही त्या फरकाच्या निम्म्याने चुकतो. ते ओळखायला जागेवर जीपीएस रिसीव्हरसारखं स्वतंत्र घड्याळच लागतं.

तुमच्याकडे क्रॉनी असेल तर मेजरमेंट्सचा लॉग चालू करा, बॅकअपच्या आधीपासून नंतरपर्यंत ठेवा आणि ऑफसेट-विलंब असा आलेख काढा. मग मॅक्स-डिले-रेशोची मर्यादा (कमीत कमी विलंबाच्या ठरावीक पटीहून जास्त विलंबाचे नमुने टाकून देणारी) लावून पुन्हा बघा. दोन्ही आलेख इथे टाकलेत तर पुढची चर्चा तुमच्याच आकड्यांवर करू.