कंपनीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात

दीड महिना झाला एक मेसेज फिरतोय. आधी गल्लीच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या, मी बघून सोडून दिला. परवा अक्काचा फोन आला, "हे खरं हाय काय रे? ह्यांनी महिना झाला बीपीच्या गोळ्या बंद केल्यात." तेव्हा डोकं फिरलं आणि लिहायला बसलो.

मेसेजमध्ये काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. कंपनीत वर्षाला फुकट चेकअप होतंय तर वेगळा डॉक्टर कशाला. रिपोर्ट नॉर्मल आला की वर्षभर बिनघोर राहा, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या पण बंद करा, नाहीतर त्यांची सवय लागते. ईसीजी चांगला म्हणजे हार्ट चांगलं. आणि डॉक्टर-लॅबवाले सगळे मिळून लुटतात. खाली "सर्व कामगार बंधूंना पाठवा".

मी लॅब टेक्निशियन आहे. बारा वर्षं बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत कॅम्पला जातोय, हजारो लोकांचं रक्त ह्या हातानं काढलंय. त्यामुळं कॅम्पमध्ये काय होतं आणि काय होत नाही हे मला कोणी सांगायला नको.

पहिल्यांदा गोळ्यांचं, कारण ह्या एका वाक्यानं माणूस मरू शकतो. आमचे दाजी ५२ वर्षांचे, एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडाचे कंगोरे घासून काढायच्या कामाला. चार वर्षं झाली रोज सकाळी अम्लोडिपिन ५ ची एक गोळी. गेल्या कॅम्पमध्ये त्यांचा बीपी १२८/८२ आला, पुढं छापलेलं 'नॉर्मल'. त्यात हा मेसेज आला आणि दाजींनी गोळ्यांचा डबा उचलून देवघराच्या कपाटात वर ठेवला. मी रविवारी गेलो, मशीन घेऊनच गेलो. पाच मिनिटं गप्प बसवलं, शर्टाची बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि मोजलं तर १७२/१०४. दहा मिनिटांनी परत मोजलं, १६८/१०२. दाजी म्हणतात, "खरं मला काय त्रासच नाही की." तेच तर! बीपीला बहुतेक वेळा त्रास नसतोच, तो आतल्या आत किडनी, डोळे, मेंदूच्या नसा खराब करत राहतो आणि पहिला त्रास कधी कधी थेट लकवाच असतो.

रिपोर्ट नॉर्मल आला तो सकाळी गोळी घेऊन दाजी कॅम्पला आले म्हणून. बांध घातलाय म्हणून भाताच्या खाचरात पाणी थांबलंय, आणि पाणी थांबलंय म्हणून बांध फोडायचा, हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल? मला हेच कळत नाही की असलं लिहिणाऱ्याच्या घरात बीपीचं एकही माणूस नसेल काय. आणि सवय लागते म्हणे. बीपीची गोळी म्हणजे तंबाखू नव्हे. वजन उतरलं, मीठ कमी केलं, चालणं वाढलं तर गोळी कमी पण होते, काहींची सुटते पण, खरं ते ठरवायचं त्या डॉक्टरनं जो तुमचे आकडे दोन-तीन वर्षं बघतोय, ग्रुपवरच्या मेसेजनं नाही.

आता त्या 'नॉर्मल'चं सांगतो, आणि 'ॲबनॉर्मल'चं पण. कॅम्प बहुतेक कॅन्टीनमध्ये असतो. तिसऱ्या शिफ्टचे लोक रात्रभर उभं राहून येतात, उपाशीपोटी या असं सांगितलेलं असतं खरं अर्ध्यांनी पहाटे चहा घेतलेला असतो, आणि विचारलं तर "नुस्ता अर्धा कप" म्हणतात. ती फास्टिंग शुगर धरायची कशी? बीपीची लाइन तर अशी पळते की जिना चढून आलेला, गालात तंबाखू धरलेला माणूस उभ्या उभ्या हात पुढं करतो आणि युनिफॉर्मच्या जाड बाहीवरनंच पट्टा बांधला जातो. नियमानं बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसलेलं पाहिजे, दंड उघडा पाहिजे. म्हणून एका आकड्यावर बीपी आहे असं पण ठरत नाही आणि नाही असं पण नाही, वेगळ्या दिवशी परत मोजायला लागतं. कॅम्प संपला की आम्ही सामान गुंडाळून निघालो, परत मोजणार कोण? गल्लीतला डॉक्टर, नाहीतर पीएचसी, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र.

ईसीजीचं एका वाक्यात सांगतो. झोपवून काढलेला ईसीजी त्या मिनिटाची गोष्ट सांगतो, हृदयाच्या नसेत ब्लॉकेज असून पण तो नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळं चालताना छाती भरून येत असेल तर जुना चांगला ईसीजी खिशात घेऊन घरी बसू नका.

आणि एक गोष्ट ह्या मेसेजवाल्यानं लिहिली नाही, कंपन्या पण करत नाहीत. पॅकेजमध्ये थायरॉइड असतं, व्हिटॅमिन डी असतं, कोलेस्टेरॉल असतं. खरं निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात, जिथं निम्म्या खात्यात चुना मळला जातो, तिथं "आ करा" म्हणून तोंडात बॅटरी मारून बघणारा माणूस मी बारा वर्षांत मोजून दोनदा बघितलाय. सरकारच्या एनसीडी, म्हणजे बीपी-शुगर-कॅन्सरसारख्या न पसरणाऱ्या रोगांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या माणसाचा बीपी, शुगर आणि तोंडाचा कॅन्सर तपासायचा असतो, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी पण. आशाताई दारात येऊन फॉर्म भरतात तेव्हा "आमचं कंपनीत झालंय" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

लुटतात म्हणे. इथं मला थोडं मान्य करायला लागतंय, मनात नसताना. मोठी पॅकेजं विकण्यात धंदा आहे, नको त्या टेस्ट घुसवतात, हे मी आतून बघितलंय. आणि कॉक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी २०१९ मध्ये जनरल हेल्थ चेकअपवरच्या चाचण्या परत एकत्र केल्या, अडीच लाखांवर माणसं होती, आणि निघालं काय तर नुसत्या चेकअपनं मृत्यू जवळजवळ कमी होत नाहीत. मेसेजवाला हे वाचून नाचेल. पुढचं वाचायला पाहिजे की. त्याचं एक कारण त्यांनी असं मांडलंय की ज्याला धोका आहे त्याला नेहमीचा डॉक्टर इतर वेळी आलेला असतानाच ओळखतो आणि उपचार चालू करतो. म्हणजे काम करतोय तो नेहमीचा डॉक्टर, आणि मेसेज नेमका त्यालाच सोडा म्हणतोय!

म्हणून चेकअप सोडा असं पण मी म्हणत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ४० वर्षांवरच्या कामगाराला वर्षाला मोफत तपासणी मिळायचीय, तो हक्क घ्याच. फौंड्रीतल्या माणसाला छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची फुंकायची टेस्ट आणि कानाची टेस्ट तर पाहिजेच, वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग वर्षानुवर्षं कळत नाही. खरं एक्स-रे गेल्या वर्षीच्या शेजारी धरून बघायला लागतो, आणि कंपनी दरवर्षी लॅब बदलते, जुनी फिल्म कुठं जाते कोणाला माहीत नसतं. तुमच्याकडं कॉपी पाहिजे.

डॉक्टरची फी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी: महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यासाठी, तुमच्या पगारातनं ०.७५ टक्के दर महिन्याला कापलं जातंय, कंपनी ३.२५ टक्के भरतेय. बायका-पोरांचा दवाखाना पण त्यात येतो. कार्ड पाकिटात ठेवून मेडिकलमध्ये सुट्टी गोळी मागणारे किती तरी बघितलेत मी.

दाजींना सोमवारी त्यांच्या जुन्या डॉक्टर बाईंकडं नेलं. बाईंनी वही काढली, चार वर्षांचे आकडे एकाखाली एक, त्यात हा एक महिना रिकामा. गोळी परत चालू झालीय, आठ दिवसांनी बोलावलंय, किडनीची टेस्ट सांगितलीय. डबा अक्कानं आता चहाच्या साखरेच्या बरणीजवळ ठेवलाय, आणि मेसेज ज्यानं पाठवला त्या दाजींच्या दोस्ताला पण घेऊन या म्हणून मी सांगितलंय, तो पण दोन वर्षं शुगरच्या गोळीवर होता.